व्हाळावरचं गाऱ्हाणं

सोनखोल गावात कुठलंही काम लवू घाड्याच्या तोंडून सुरू होतं. नवं घर बांधायचं असो, विहीर खणायची असो की लेक सासरी धाडायची असो, आधी ते देवाच्या कानावर घालावं लागतं, आणि कानावर घालण्याचं काम पिढ्यान् पिढ्या घाडी घराण्याकडे. त्यालाच गाऱ्हाणं म्हणतात. लवू हात जोडून उभा राहतो, 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरुवात करतो, आणि एकेक मागणी संपली की जमलेली माणसं एका सुरात म्हणतात, 'होय म्हाराजा!' बोलतो एकटा घाडी, पण ते गाऱ्हाणं एकट्याचं नसतं. ज्यानं ज्यानं 'होय' म्हटलं, त्या सगळ्यांचं ते असतं. पुढे जे झालं ते समजायला एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

लवू दिसायला अगदी किडकिडीत. एवढ्याशा देहात देवाने एवढा आवाज कुठे कोंबला, असा प्रश्न पडावा. देवळात तो बोलायला लागला की पलीकडच्या मळ्यातली गुरं माना वर करत. तोच लवू कसालच्या बाजारात मासे घेताना इतका हळू बोलायचा की मासेवाली वैतागून म्हणायची, "मोठ्यान बोल रे मेल्या, माका आयकूक येणा नाय." देवाशी बोलताना मोठा आवाज आणि माणसांशी बोलताना लहान, अशी त्याची उलटी तऱ्हा होती. पण त्यामुळेच त्याच्या शब्दाला वजन होतं. लवू कधी कुणाला टाकून बोललेला गावाला आठवत नव्हता.

त्याचा जीव होता तो धाकट्या भावात, दाजीत. दाजी रांगत होता तेव्हाच आई गेली. बाप शेतात, म्हणून लवूनेच त्याला पेज भरवली, लवूनेच त्याला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली. दाजी मोठा झाला आणि कसालच्या स्टँडवर रिक्षा चालवायला लागला. भावाच्या अगदी उलट, तोंडाचा फटकळ, हसरा, दहा जणांत मिसळणारा. गाऱ्हाण्याला 'होय म्हाराजा' म्हणण्यात त्याचा आवाज सगळ्यांच्या पुढे. कधी कधी इतका पुढे की लवूचं वाक्य पुरं व्हायच्या आतच हा ओरडून मोकळा. लवू डोळे वटारायचा. एकदा भर देवळात म्हणाला, "अरे, आदी माका मागूक तरी दी!" त्या दिवशी देवही हसला असेल.

सोनखोलच्या वर डोंगर आहे आणि डोंगराच्या धारेपलीकडे पोखरमाथा हे गाव. धार हीच दोन गावांची शीव. पोखरमाथ्याच्या हद्दीत, धारेच्या थोडं खाली, एक झरा आहे. त्याचं पाणी आधी पोखरमाथ्याच्या मळ्यात जातं, मग डोंगराला वळसा घालून सोनखोलात उतरतं. हा जांभळीचा व्हाळ. व्हाळ म्हणजे ओढाच, पण आमच्याकडे कुणी त्याला ओढा म्हटलं तर तो परका समजावा. दोन्ही गावांचं पिणं, शिंपणं, गुरांचं पाणी सगळं त्या एका व्हाळावर. वरचं रान एके काळी दाट होतं, किंजळ, ऐन, जांभूळ अशी मोठी झाडं. ती गेली कोळशाला आणि फळ्यांना. उघड्या जागेत रानमोडी माजली, म्हणजे ती पुरुषभर उंचीची तणाची झुडपं, जी पावसात हिरवी असतात आणि फाल्गुनात नुसत्या ठिणगीने पेटेल असा काडीकचरा होतात. त्याच्यात मधे मधे काजू. दरसाल कुठे ना कुठे वणवा लागायचा, विझायचा, माणसं विसरायची.

एका शिमग्यात लागला तो मात्र विसरण्यासारखा नव्हता.

पोखरमाथ्याचा बाबली परब त्या सकाळी तरवा भाजत होता. भाताची रोपं जिथे करायची तो तुकडा आधी भाजून घ्यायचा, ही इथली जुनी रीत. तोडलेल्या डहाळ्या, शेण, पालापाचोळा पसरायचा, वरून माती भुरभुरायची आणि पेटवायचं. आग भडकू द्यायची नाही, धुमसत ठेवायची. हे काम सकाळच्या शांत हवेत उरकायचं असतं, कारण दुपार झाली की समुद्रावरून खारं वारं सुटतं. बाबलीला हे शिकवायची गरज नव्हती. त्याने सकाळीच पेटवलं होतं, शेजारी पाण्याच्या कळशा भरून ठेवल्या होत्या, हातात ओली डहाळी घेऊन तो राखणीला बसला होता. पण ढोल वाजले. देवाची पालखी वाडीत आली. शिमग्यात पालखी घरोघर फिरते, आणि देव दारात आला असता घरधन्याने शेतात बसून राहायचं, हे इथे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. बाबलीने धुमसत्या तरव्यावर थोडं पाणी मारलं आणि तो घरी धावला. पालखीला खांदा दिला, बायको काशीबाईने ओटी भरली, पोरं नाचली. तेवढ्यात वारं सुटलं.

सांगायचं ते एवढंच. बाबली दारू पिऊन पडला नव्हता की पत्ते कुटत नव्हता. देवाच्या पायाशी होता. पण आगीला हे कोण सांगणार?

आग तरव्यातून बांधावर, बांधावरून रानमोडीत आणि तिथून धारेवर चढली, आणि बघता बघता सोनखोलच्या बाजूला उतरू लागली. खालची माणसं हिरव्या डहाळ्या घेऊन धावली. डहाळ्यांनी आग झोडपायची, हेच आमचं आग विझवायचं साधन. दाजी रिक्षा टाकून कसालहून आला आणि सगळ्यांच्या पुढे गेला. धार ओलांडून झऱ्याखालच्या घळीत तो उतरला तो परत वर आला नाही. धुराने कोंडला.

लवू त्या दिवशी गावात नव्हता. मालवणच्या किनाऱ्यावर एका नव्या होडीचं गाऱ्हाणं घालायला त्याला बोलावणं होतं. तिन्हीसांजेला तो परतला तेव्हा दाजीला ओटीवर निजवलेलं होतं. अंगावर भाजल्याची मोठी खूण नव्हती. फक्त ओठ. ओठ सुकून चिरफळले होते, आणि तोंड जरासं उघडं होतं. लवूने ते बघितलं आणि त्याच्या मनात एकच गोष्ट घुसली ती पुन्हा बाहेर निघाली नाही. माझा भाऊ तहानलेला गेला. ज्या झऱ्याचं पाणी अख्खा डोंगर पितो, त्याच्या हाकेच्या अंतरावर माझा भाऊ घोटभर पाण्यावाचून गेला.

दिवसकार्य झालं त्या सकाळी लवू नारळ घेऊन देवळात गेला. मागोमाग सगळा गाव गेला. त्याने नारळ रवळनाथापुढे ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे कुणाचं तरी वाईट मागितलं.

"बा देवा म्हाराजा! जेच्या हातान ही आग लागली, जेना माझ्या भावाक तान्हेलो मारल्यान, तेका ह्या व्हाळाचा पाणी लाभू नये रे म्हाराजा!"

आणि गावाने म्हटलं, "होय म्हाराजा!"

असा ठेवलेला नारळ दुसरं कुणी उचलत नाही. ज्याने ठेवला त्यानेच उचलायचा, नाहीतर तो तिथेच राहतो. पोखरमाथ्यावर बातमी पोचायला वेळ लागला नाही. दोन्ही गावांचं येणंजाणं बंद पडलं. एकमेकांच्या जत्रेला जाणं थांबलं, ठरलेली एक सोयरीक मोडली. बाबली परब घराबाहेर पडेनासा झाला.

त्या वर्षीच्या पावसाने उरलंसुरलं पुरं केलं. उघडा पडलेला डोंगर पाण्याबरोबर खाली आला. लाल चिखल झऱ्यावर बसला, घळ भरली, आणि पुढच्या उन्हाळ्यात जांभळीचा व्हाळ, जो म्हाताऱ्याकोताऱ्यांनी कधी आटलेला पाहिला नव्हता, तो सोनखोलात पोचायच्या आधीच सुकला. आता गावातल्या बायका खालच्या वाडीच्या विहिरीवरून चढणीने पाणी आणू लागल्या. कुणी म्हणालं, झाडं गेली म्हणून पाणी गेलं. कुणी म्हणालं, लवूची वाचा फळली. खरं म्हणजे दोन्ही म्हणणारे एकाच विहिरीवर रांगेत उभे होते.

त्याच सुमाराला वनरक्षक म्हणून रसिका या भागात आली. मूळची कुडाळकडची, राहायला कणकवलीला, स्कूटरवरून येणारी, बेताची उंची आणि भरपूर चिकाटी. तिने शाळेच्या पडवीत सभा घेतली आणि सरकारी मराठीत बोलायला लागली. "पाणलोट क्षेत्रातील वनांचे पुनरुज्जीवन दोन्ही गावांच्या सहभागातून..." मागून एक म्हातारा म्हणाला, "बाय, आमका कळात असा सांग." रसिका हसली आणि खाली बसली.

"काका, आग लागाची ती लागतलीच," ती म्हणाली. "माणूस आसा थंय आग आसा. पन तिका खावूक काय गावता नये. धारेवरची रानमोडी मुळासकट काढूया, एक पट्टो साफ ठेवूया. आग थंयसर येतली, खावूक गावाचा नाय, मरतली. आनि मगे घळीत झाडां लावूया, दगडांचे बंधारे घालूया. माती रवली तर झरो परत येतलो."

लोकांना पटलं. न पटायला काय झालं? दिवाळीनंतर गवत वाळायला लागलं तशी सोनखोलची माणसं धारेवर चढली. कोयत्यांनी रानमोडी तोडायची, कुदळीने मुळं काढायची, पालापाचोळा ओढून खाली न्यायचा. काजूच्या खालच्या फांद्या छाटायच्या, म्हणजे जमिनीवरची आग झाडावर चढत नाही. ह्या कामात सगळ्यांत आधी येणारा आणि सगळ्यांत शेवटी उतरणारा लवू. त्याच्या भावाला ज्या रानाने खाल्लं होतं, त्या रानाची मुळं तो उपटत होता. कुणाशी बोलत नसे. दुपारी सावलीत बसला की नजर घळीकडे.

पण काम निम्मंच होतं. शिवेच्या पलीकडून पोखरमाथ्याचा एकही माणूस आला नाही. त्यांच्या बाजूची रानमोडी तशीच उभी होती, आणि झरा तर त्यांच्याच हद्दीत. रसिका तिकडे दोनतीनदा जाऊन आली. लोक तिला चहा देत, मान हलवत आणि गप्प बसत. शेवटी एका म्हाताऱ्याने तिला सरळ सांगितलं. "त्या पाण्यार आमच्या नावान गाऱ्हाणा आसा, बाय. आग बाबलीच्या तरव्याची, पन त्या दिवसांनी आमी सगळ्यांनीच तरवे भाजलेले. कोणाची ठिणगी, देव जाणे. त्या व्हाळाच्या कामाक आमी हात लावचो नाय. आमकाय पोरांबाळां आसत."

रसिका हे लवूला सांगायला आली. लवू कुदळ घासत बसला होता.

"काका, मी तुमका उचला म्हणूक येवक नाय," ती म्हणाली. "माझो तो अधिकार नाय. पन एका बाजून पट्टो काढून काय उपयोग? दोन दारांच्या घराक एकच कडी घातली तर चोर दुसऱ्यान येतलो."

"येवदे," लवू म्हणाला. कुदळ घासणं थांबलं नाही.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. लवूच्या बाबतीत लोक हेच म्हणत होते, आणि त्याला ते ठाऊक होतं. पण तो पीळ कसला, हे कुणी विचारलं नाही. तो नारळ म्हणजे दाजीच्या मरणाची एकच जागा होती जिथे कुणी हात लावला नव्हता. रिक्षा विकली गेली होती. कपडे देऊन झाले होते. स्टँडवर दाजीच्या जागी दुसरी रिक्षा लागत होती. नारळ उचलला म्हणजे दाजी गेला तो गेला, त्याचं कुणी काही देणं लागत नाही, असं होणार. ते लवूला सोसणार नव्हतं. इतकी माया करणाऱ्या माणसाचा राग किती कडू असू शकतो, हे त्याचं त्यालाच बघून नवल वाटत होतं.

तिढा सुटला तो दाजीच्या बायकोकडून. विनीता लवूच्याच घरात राहत होती. थोरल्या दिरासमोर ती फार बोलत नसे, काही सांगायचं तर दाराआडून. त्या दुपारी लवू जेवायला आला तर ती पाणी घेऊन चढण चढून नुकतीच आली होती. डोक्यावरची कळशी तिने उतरवली आणि त्याच्या समोर ठेवली. आत गेली नाही.

"भावजी, एक इचारू?"

"इचार गो."

"तो नारळ तुमी कोणासाठी ठेवलात?"

लवू गोंधळला. "कोणासाठी म्हणजे? दाजीसाठी. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी ठेवलात तर उचला," विनीता म्हणाली. "बाबलीक पाणी लाभू नये म्हणान तुमी बोललात. बाबलीक पाणी मेळता. तेच्या लगीन झालेल्या चेडवाकडसून, कसालसून कॅन भरून येतत. मेळणा नाय ता माका. व्हाळ आटलो तेव्हापासून ही कळशी माझ्या डोक्यार आसा, बाबलीच्या नाय."

"दाजी तान्हेलो गेलो गो, विनीता." लवूचा आवाज फुटला. "तेचे ओठ तू बघलेस मा?"

"बघलंय. तुमच्या आदी बघलंय." तिने कळशीवर हात ठेवला. "तो तान्हेलो गेलो म्हणान सगळो डोंगर तान्हेलो ठेवतलात? आणि एकट्या तुमका कित्याक दोष देऊ? त्या दिवशी मी पन 'होय म्हाराजा' म्हटलंय. माझा तोंड पन त्यात आसा. माका आता ता सोसणा नाय."

एवढं बोलून ती आत गेली. लवू ताटावर बसला नाही. समोरच्या कळशीकडे बघत राहिला. आतापर्यंत तो समजत होता की तो नारळ एकट्याच्या छातीवर ठेवून तो उभा आहे. गावाने 'होय' म्हटलं होतं याचा अर्थ त्याला, गाऱ्हाणं हाच ज्याचा धंदा त्याला, त्या दिवशी कळला. त्याला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच धार चढला आणि पोखरमाथ्यात उतरला. वाडीतली माणसं खळ्यात, दारापुढच्या अंगणात येऊन बघत राहिली. बाबलीच्या दारात काशीबाई होती. तिने त्याला ओळखलं आणि तिचा चेहरा पडला. तरी दारी आलेल्या माणसाला गूळपाणी द्यायचं ही रीत तिच्या हातांना विसरता आली नाही. तांब्या भरून तिने पुढे केला, आणि मधेच थबकली.

"ह्या पाणी व्हाळाचा नाय हां," ती हलक्या आवाजात म्हणाली. "कसालचा आसा. आमच्या घरात व्हाळाचा पाणी येणा नाय. तुमी बोललात तेव्हापासून हेंनी तोंडात घेवक नाय. झरो दारात होतो तेव्हा पन नाय."

लवूने तांब्या घेतला. पाणी प्यायला. बाबली बाहेर आला नाही. लवू बंद खोलीच्या दाराकडे बघून एवढंच म्हणाला, "सोमवारी सकाळी झऱ्यार ये रे. मी नारळ उचलतंय." दोघे एका शाळेत एका बाकावर बसलेले होते. काशीबाईने मान डोलावली.

आज त्या धारेवर गेलात तर बैलगाडी जाईल एवढा रुंद पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साफ दिसेल. दरसाल दिवाळीनंतर दोन्ही गावं मिळून तो काढतात, आणि पट्ट्यावरच बसून एकत्र जेवतात. घळीत दगडांचे बंधारे आहेत. देवराईतलं बी देवाचा कौल घेऊन आणलं, त्याची किंजळ-जांभळाची रोपं कमरेइतकी झाली आहेत. तरवा भाजायचा तर शेजारच्या दोघांना आधी सांगायचं, एकाने राखणीला बसून राहायचं, पालखी दारात आली तरी उठायचं नाही, असा नेम दोन्ही देवळांत ठरला आहे. गेल्या साली सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळी माळावरून, वणवा आला तो पट्ट्यापाशी येऊन मेला. झरा अजून पूर्वीसारखा नाही, पण व्हाळ चैत्रापर्यंत वाहतो. रसिका म्हणते, झाडांना वेळ द्यायला हवा. हे सगळं खरं, पण हे त्या सोमवारच्या नंतरचं.

त्या सकाळी झऱ्यावर सोनखोल एका बाजूला उभं होतं आणि पोखरमाथा दुसऱ्या बाजूला. मधे चिखलातून बोटभर धार निघत होती. रसिका आली होती, पण गणवेशात असूनही मागे, बायकांत उभी होती. पोखरमाथ्याच्या गर्दीतून बाबली पुढे आला. दोन वर्षांत तो वीस वर्षांनी वाकला होता. लवूने त्याला ओळखायला एक क्षण घेतला.

लवूने देवळातून आणलेला, सुकून हलका झालेला नारळ दोन्ही हातांत धरला.

"बा देवा म्हाराजा! दुखाच्या भरात माझी जीभ वाकडी गेली. ह्या तुझ्या लेकरान वाईट मागल्यान. ता मी आज माझ्या हातान उचलतंय, म्हाराजा!"

"होय म्हाराजा," सोनखोल म्हणालं. पोखरमाथा गप्प होतं.

"ह्या गावाक आणि त्या गावाक, गुरांक-ढोरांक, पोरांबाळांक, ह्या डोंगराक, ह्या पाण्याक तू राख." त्याने तोंड बाबलीकडे वळवलं. "बाबली परबाक आणि तेच्या घराक ह्या पाणी लाभूदे रे म्हाराजा!"

आता दोन्ही बाजूंनी आवाज उठला. काशीबाईने तोंडावर पदर घेतला होता.

पाण्याचं बोललेलं पाणी देऊनच उतरतं. लवूने तांब्या त्या बारीक धारेखाली धरला. भरायला वेळ लागला आणि तेवढा वेळ कुणी हललं नाही. मग तो बाबलीसमोर उभा राहिला. बाबलीने ओंजळ केली. लवूने पाणी ओतलं. पाणी बाबलीच्या बोटांतून गळत होतं, पण त्याने ओंजळ तोंडाला लावली नाही.

"पिऊच्या आदी तुका एक सांगाचा आसा," तो म्हणाला. आवाज इतका खाली की फक्त लवूला ऐकू यावा. "मगे पाणी देवचा नसला तर दिव नको."

"काय?"

"दाजीक मी पाणी दिलंय."

लवूने तांब्या खाली घेतला.

"आग धारेर गेली तशी मी कळशी घेवन धावलंय. वरसून घळीत उतरलंय. तो खडपाक टेकान बसलेलो. जितो होतो. कळशीच्या तळाक थोडा पाणी ऱ्हवला होता, ता तेच्या तोंडाक लावलंय. मगे माणसांक बोलवूक वर धावलंय. तुमची माणसां इली, माका ढकलून दिल्यानी. दाजी तवसर गेलो होतो."

"दोन वर्सां..." लवू म्हणाला. "दोन वर्सां तू बोललंस नाय?"

"काय बोलू? आग माझीच होती. घोटभर पाणी दिलंय म्हणान ती दुसऱ्याची होतली?"

ज्याचा आवाज पलीकडच्या मळ्यातली गुरं ऐकत, त्या लवूच्या घशातून नुसती हवा आली. त्याने दोनदा विचारायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा शब्द निघाले.

"किती पियालो तो?"

"होता तितक्या सगळा," बाबली म्हणाला. "कळशी उलटी केलंय मी. सगळा पियालो."

बाबलीच्या ओंजळीतलं पाणी एव्हाना गळून गेलं होतं. लवूने डोळे पुसले नाहीत. त्याने तांब्या वाकवला आणि ती ओंजळ पुन्हा काठोकाठ भरली.

"पी रे बाबली," तो म्हणाला. "पोट भरून पी."